पिंपरीची पेठ आणि तिचे शेजारी

एखाद्या नव्या गांवीं गेलों म्हणजे दोन ठिकाणें पाहिल्यावांचून परतावयाचें नाहीं, अशी मला जुनी संवय आहे. एक तेथील देऊळ अथवा नदीचा घाट, आणि दुसरें तेथील पेठ. देवळापाशीं गांवाचा भूतकाळ भेटतो. पेठेंत त्याचा वर्तमानकाळ भेटतो. लोक काय खातात, काय नेसतात, एकमेकांशीं कसे बोलतात, परक्या माणसावर कितपत विश्वास टाकतात, हें पेठेंतून एकदां संथपणें चालत गेल्यानें जितकें कळतें, तितकें सरकारी अहवाल वाचून कळत नाहीं. चिंचवडला पवनेच्या कांठीं मोरया गोसावींच्या समाधीपाशीं उभें राहिलें कीं पहिली गोष्ट साधते. दुसरीसाठीं मात्र पिंपरीच्या कँपांत, शगुन चौक व साई चौक यांच्या आसपास जावें लागतें. आज मी या पिंपरीच्या पेठेविषयीं बोलणार आहें. ती पुन्हां सुखानें हिंडण्याजोगी कशी होईल, आणि त्या कामीं तिच्या शेजाऱ्यांनीं, म्हणजे आपण नागरिकांनीं, काय करावयास हवें, हा माझ्या बोलण्याचा मुख्य मुद्दा आहे.

प्रथम ही पेठ आली कोठून तें पाहूं. आज ज्यांची मिळून पिंपरी-चिंचवड ही महानगरी बनली आहे, तीं १९४७ पूर्वीं शेतीवर जगणारीं लहान लहान गांवें होतीं. मुंबईचा लोहमार्ग पुण्याला १८५८ सालीं पोहोंचला. तो या गांवांच्या शिवारांतून गेला, आणि त्याच्या जोडीनें मुंबई-पुणें रस्ता. परंतु आगगाडी शिवारांतून गेली म्हणजे तेथें पेठ वसते असें नाहीं. पेठ वसविली ती माणसांनीं. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांची वसाहत पिंपरीस वसविण्यांत आली. त्यांतील पुष्कळांपाशीं येथें जमीन नव्हती, येथल्या भाषेची ओळख नव्हती; होतें तें व्यापाराचें कसब आणि पुन्हां उभें राहण्याची जिद्द. थोडक्या नफ्यावर माल विकावा, गिऱ्हाइकाला रिकाम्या हातीं परत पाठवूं नये, आणि त्याचें नांव ध्यानांत ठेवावें, या तीन सूत्रांवर या मंडळींनीं दुकानें उभीं केलीं.

त्यांच्या सुदैवानें गिऱ्हाईकही चालत आलें. १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना पिंपरीस स्थापन झाला व पेनिसिलिन तेथें तयार होऊं लागलें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें. आकुर्डीस बजाज ऑटो आला. पिंपरी व चिंचवडला टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आली. त्यांना सुटे भाग पुरविणारे शेंकडों लहान कारखाने भोसरीपर्यंत पसरले. १९७० सालीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी हीं गांवें मिळून नगरपालिका झाली; १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण आलें; १९८२ सालीं नगरपालिकेची महापालिका झाली. १९९१ च्या शिरगणतींत या शहराची वस्ती पांच लाखांवर होती. २००१ सालीं ती दहा लाखांच्या घरांत गेली, आणि २०११ सालीं सव्वासतरा लाखांवर पोहोंचली. हिंदुस्थानांत इतक्या झपाट्यानें वाढलेलीं शहरें थोडींच असतील. एवढ्या मोठ्या शहराची जुनी आणि जिवंत अशी पेठ कोणती, असें विचारलें तर चिंचवडगांवांतील चापेकर चौकाचा परिसर व भोसरीचा बाजार यांचा मान राखूनही बहुतेक लोक पिंपरीकडेच बोट दाखवितील.

माझ्या थोरल्या बहिणीचें बिऱ्हाड पुष्कळ वर्षें आकुर्डीस होतें. मेहुणे कारखान्यांत होते. पगार झाला कीं पुढच्या सुटीच्या दिवशीं दोघें मिळून पिंपरीस जात. मुलांचे गणवेश, स्वयंपाकाचीं भांडीं, दिवाळीचें कापड, मुलीच्या साखरपुड्याची साडी, सारें त्या चार गल्ल्यांत मिळे. एकदां कारखान्यांत टाळेबंदी झाली आणि कित्येक महिने पगार आला नाहीं. त्या काळांत तेथील एका कापडाच्या दुकानदारानें आपली उधारीची वही मिटली नाहीं, ही गोष्ट ताई आजही सांगते. पेठ म्हणजे नुसती दुकानांची रांग नव्हे, हें मला तिच्याकडून समजलें. दुकानांच्या रांगेंत वस्तु मिळते. पेठेंत वस्तूबरोबर ओळख मिळते, आणि अडचणीच्या दिवसांत त्या ओळखीवर घर चालतें.

ताई आतां पंचाहत्तरीच्या पुढें गेली आहे, आणि पिंपरीच्या बाजारांत पाऊल टाकून तिला बरींच वर्षें झालीं. तिचा मुलगा मोबाईलवरून हवें तें घरीं मागवितो. मीं तिला कारण विचारलें तेव्हां ती म्हणाली, "अरे, माल महागला म्हणून नव्हे. पण तिथें मला घडीभर टेकायला जागा नाहीं, आडोशाला जायला सोय नाहीं, आणि रस्ता ओलांडायचा म्हणजे जीव मुठींत धरावा लागतो." या तीन वाक्यांत पिंपरीच्या पेठेच्या दुखण्याचें निदान आलें आहे, असें मी समजतों.

युरोप-अमेरिकेंत शहरांच्या मध्यवस्तीला जो आजार जडला त्याचें लक्षण ओसाडपणा हें होतें. लोक मोटारी घेऊन उपनगरांत राहावयास गेले, तेथेंच भव्य व्यापारी संकुलें निघालीं, आणि जुन्या पेठेंत दिवसाढवळ्या शुकशुकाट पडला. आमच्या पेठेंत शुकशुकाट नाहीं. दिवाळीच्या आधीं तर तेथें पाऊल ठेवावयास जागा नसते. म्हणून पुष्कळांना वाटतें कीं, जेथें इतकी गर्दी आहे तेथें दुखणें कसलें? परंतु गर्दी म्हणजे आरोग्य नव्हे. ज्यांना दुसरीकडे जातां येतें ते अशा गर्दींतून प्रथम निघून जातात. म्हातारीं माणसें, लहान मुलें घेऊन येणाऱ्या आया आणि वेळेची किंमत असणारे नोकरदार यांचें येणें हळूहळू बंद पडतें. मग दुकानदार त्यांना लागणारा माल ठेवणें सोडून देतो. वरच्या मजल्यावर राहणारीं कुटुंबें वाकड, पिंपळे सौदागर यांसारख्या नव्या वस्त्यांत जातात आणि त्यांच्या खोल्यांची गोदामें होतात. खिडक्यांतला दिवा गेला म्हणजे रात्रीं रस्त्यावर कोणाचें लक्ष राहत नाहीं. पेठ उघडीच असते, पण शेजार नाहींसा झालेला असतो. ओसाडपणा आणि कोंडमारा हे दोन निराळे आजार वाटले, तरी शेवट एकच : ज्यांच्या जिवावर पेठ जगते ते लोक तिला अंतरतात.

आतां या कोंडमाऱ्याचीं कारणें पाहूं. पहिलें कारण पिंपरीच्या भूगोलांत आहे. मुंबई-पुणें रस्ता रुंद करण्यांत आला. दापोडीपासून निगडीपर्यंत चौकांखालून व चौकांवरून वाहनें न थांबतां निघून जावीं अशी व्यवस्था झाली. दुरून येऊन दूर जाणाऱ्याला त्यानें मोठेंच सुख झालें. परंतु रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला जाणाऱ्या पायीं माणसाला तोच रस्ता नदीसारखा आडवा झाला. त्याच्या पलीकडे लोहमार्ग, आणि लोहमार्गाच्याही पलीकडे पेठ. ६ मार्च २०२२ रोजीं पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत मेट्रो सुरू झाली व १ ऑगस्ट २०२३ पासून ती पुण्यांत शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत जाऊं लागली. तिचें महापालिकेजवळचें स्थानक हमरस्त्यावर आहे. तेथून पेठ पायीं जाण्याच्या अंतरावर आहे खरी. पण अंतर वावांनीं मोजावयाचें नसतें, तें त्रासानें मोजावयाचें असतें. स्थानकाच्या दारापासून दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत सावलींतून, सपाट वाटेनें, वाहनांना न भितां जातां आलें तर तेंच अंतर पांच मिनिटांचें वाटतें. नाहीं तर तें कोसाचें होतें.

दुसरें कारण पैशाचें आहे. या महापालिकेची श्रीमंत म्हणून सर्वत्र ख्याति होती, आणि तिच्या श्रीमंतीचा मुख्य झरा जकात हा होता. कारखान्यांच्या दारांतून येणाऱ्या मालावर जकात मिळे. त्यामुळें रुंद रस्ते आणि पूल यांकडे लक्ष जाणें स्वाभाविक होतें, आणि जुन्या बाजाराच्या गल्ल्या मागें राहणेंही तितकेंच स्वाभाविक होतें. २०१३ सालीं ही जकात बंद झाली. २०१७ पासून देशभर वस्तु व सेवा कर आला. आतां पालिकेला मिळकतकराचा आधार पूर्वींपेक्षां अधिक वाटूं लागला आहे. पेठेंतले गाळे नांदते राहिले तर कर नियमितपणें येतो. ते ओस पडले तर तोही आटतो. म्हणून पेठेचें आरोग्य हा केवळ दुकानदारांचा प्रश्न नसून तो सर्वांच्या तिजोरीचा प्रश्न झाला आहे.

यावर उपाय सुचविला कीं व्यापारी मंडळींकडून पहिला आक्षेप ठरलेला असतो : "दाराशीं गाडी उभी राहिली नाहीं तर गिऱ्हाईक येणार नाहीं." हा आक्षेप हंसण्यावारी नेऊं नये, कारण तो बोलणाऱ्याच्या पोटाशीं निगडित आहे. परंतु तो तपासून मात्र पाहावा. इंग्लंडांत ब्रिस्टल शहरीं २००६ सालीं अशी तपासणी झाली. आपलीं किती गिऱ्हाइकें मोटारीनें येतात असें दुकानदारांना विचारलें तेव्हां त्यांचा अंदाज शेंकडा ४१ चा निघाला. प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना विचारलें तेव्हां तो आंकडा शेंकडा २२ भरला. दुकानदार खोटें बोलत नव्हते. दारांतली मोटार डोळ्यांत भरते, पायीं आलेला माणूस भरत नाहीं, इतकेंच. पिंपरीस असें मोजमाप करणें कांहीं अवघड नाहीं. चार चौकांत चार विद्यार्थी वही घेऊन आठवडाभर उभे राहिले, आणि दुकानांतून बाहेर पडणाऱ्यांना "आपण कसे आलांत?" एवढें त्यांनीं विचारलें, तर अर्धा वाद तेथेंच मिटेल. उरलेल्या अर्ध्या वादासाठीं खरे आंकडे तरी हातीं असतील.

दुसरी तपासणी प्रयोगाची. डेन्मार्कच्या राजधानींत, कोपनहेगनमध्यें, स्ट्रॉगेट नांवाचा पेठेचा मोठा रस्ता १९६२ सालीं वाहनांना बंद करण्यांत आला तो प्रथम प्रयोग म्हणून. तेथीलही व्यापाऱ्यांनीं विरोध केला. आमच्या थंड हवेंत लोक रस्त्यावर हिंडावयाचे नाहींत असें पुष्कळांना वाटलें. प्रयोग साधला, आणि १९६४ सालीं ती व्यवस्था कायम झाली. इतक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ रोजीं पादचारी दिन पाळून रस्त्याचा कांहीं भाग एक दिवस वाहनांना बंद ठेवण्यांत आला, व पुढच्या वर्षींही तो प्रघात चालला. एका दिवसानें पेठ बदलत नाहीं. परंतु चालणाऱ्याला रस्ता कसा दिसतो आणि दुकानदाराला गिऱ्हाईक कसें दिसतें, हें त्या एका दिवसांत दोघांनाही पाहावयास मिळतें. एक दिवस फसला तरी नुकसान एका दिवसाचें होतें. कायमचा दगडी रस्ता करून मग पस्तावण्यापेक्षां हें स्वस्त नाहीं काय?

अशा प्रयोगाला एक पथ्य आहे. दिल्लीच्या चांदणी चौकाचें नूतनीकरण होऊन २०२१ सालीं तो खुला झाला, व लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या रस्त्यावर दिवसाच्या ठराविक वेळांत मोटारी येऊं नयेत असा नियम झाला. रस्ता देखणा झाला. परंतु वेळा मोडून वाहनें शिरतात, पदपथ पुन्हां अडवले जातात, अशा तक्रारी पुढें वारंवार आल्या. यावरून घेण्याचा धडा असा कीं, बांधकाम हें पेठेच्या कामाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. रोज सकाळीं झाडणारा, दिवा गेला तर लावणारा, आणि नियम मोडणाऱ्याला अडविणारा माणूस कोण, त्याचा पगार कोठून यावयाचा, हें ठरल्याशिवाय फरशी घालूं नये.

हा पगाराचा प्रश्न कॅनडांतील टोरोंटो शहरच्या दुकानदारांनीं एका युक्तीनें सोडविला. तेथील ब्लूर वेस्ट व्हिलेज या पेठेवरून पूर्वीं लोक ट्रामनें जात. जातां जातां दुकानें दिसत, मन होई, माणूस उतरे. पुढें तेथें भुयारी रेल्वे आली आणि तेंच गिऱ्हाईक जमिनीखालून निघून जाऊं लागलें. शिवाय मोठीं व्यापारी संकुलें निघालीं. तेव्हां १९७० सालीं तेथील व्यापाऱ्यांनीं कायद्याच्या आधारानें असें ठरविलें कीं, त्या हद्दींतल्या प्रत्येक धंदेवाल्यानें कराबरोबर एक ठराविक वर्गणी द्यावी. पालिकेनें ती वसूल करून व्यापाऱ्यांच्याच मंडळाच्या हातीं सोंपवावी. आणि मंडळानें तिचा खर्च झाडें, बांकें, दिवे व स्वच्छता यांवर करावा. स्वेच्छेची वर्गणी दहा जण देतात व तिचा लाभ शंभर जण घेतात. म्हणून तिचा झरा दोन वर्षांत आटतो. सर्वांनीं देण्याचा नियम झाला म्हणजे कुरकुर होते, पण काम टिकतें. जगांतील पुष्कळ शहरांनीं पुढें हा मार्ग उचलला.

पिंपरीला ही गोष्ट फार जवळची आहे. येथील मेट्रो निगडीपर्यंत नेण्यास २०२३ सालीं मंजुरी मिळाली. येथें गिऱ्हाईक जमिनीखालून नव्हे, तर डोक्यावरून जाईल, एवढाच फरक. त्याला उतरण्याजोगें कांहीं आपण खालीं ठेवतों कीं नाहीं, हा प्रश्न आहे. मात्र टोरोंटोची युक्ति येथें आणतांना एक दोष टाळला पाहिजे. जो वर्गणी देईल त्यालाच मत, असा हिशेब झाला तर पेठ मालकांची होते. भाडेकरू, गडी, हमाल, वरच्या मजल्यावरचा रहिवासी आणि रस्त्यावरचा विक्रेता यांना तींत तोंड उरत नाहीं.

रस्त्यावरच्या विक्रेत्याविषयीं थोडें निराळें बोललें पाहिजे, कारण पेठ सुधारण्याच्या चर्चेंत पहिला घाव बहुधा त्याच्यावर पडतो. पथारी उचलली, हातगाडी जप्त केली, कीं आठ दिवस रस्ता मोकळा दिसतो व नवव्या दिवशीं सारें पूर्ववत् होतें. कारण भूक जप्त करतां येत नाहीं. २०१४ सालीं पथविक्रेत्यांविषयीं केंद्राचा कायदा झाला. त्याप्रमाणें प्रत्येक शहरांत नगर पथविक्रेता समिति असावी. तिच्यांत शेंकडा ४० जागा विक्रेत्यांनीं निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या असाव्या, आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्या. दर पांच वर्षांनीं विक्रेत्यांची मोजणी व्हावी. आणि मोजणींत सांपडलेल्यांची सोय शहराच्या वस्तीच्या शेंकडा अडीच या मर्यादेपर्यंत करावी, अशी योजना आहे. या कायद्याला दोन्ही बाजू आहेत हें पुष्कळांना ठाऊक नसतें. विक्रेत्याला त्यानें हक्क दिला, तसेंच जागेचें व मापाचें बंधनही घातलें. आंखून दिलेल्या जागेंत बसणारी भाजीवाली पदपथ अडवीत नाहीं. ती तो जागता ठेवते. दुकानाच्या पायरीवर विजेचा दिवा असला तरी संध्याकाळच्या एकट्यादुकट्या बाईला आधार वाटतो तो कोपऱ्यावर बसलेल्या फुलवालीचा.

आतां नागरिकांच्या वाट्याचें काम. आपल्याकडे लोकांचा सल्ला घेण्याची एक ठरलेली रीत होऊन बसली आहे. नकाशा तयार होतो, सभा भरते, पडद्यावर सुंदर चित्रें दिसतात, आणि मग "कोणाची कांहीं सूचना?" असें विचारलें जातें. त्या वेळीं सूचना करणारा माणूस विघ्नसंतोषी ठरतो, कारण सारें आधींच ठरलेलें असतें. खरा सल्ला नकाशापूर्वीं घ्यावयाचा असतो, आणि तो सभागृहांत बसून नव्हे, तर पेठेंत चालून. एक अधिकारी, एक दुकानदार, एक पथारीवाली, एक शाळेंतली मुलगी आणि माझ्या ताईसारखी एक म्हातारी, अशीं पांच माणसें मेट्रोच्या स्थानकापासून साई चौकापर्यंत एकदां बरोबर चाललीं, आणि जेथें जेथें अडलीं तेथें तेथें खडूनें खूण केली, तर उत्तम आराखड्याचा पाया त्या खुणांतच मिळेल. जें दुखणें अधिकाऱ्याला मोटारींतून दिसत नाहीं तें ताईच्या गुडघ्याला कळतें.

हा हक्क आपल्याला कोणी कृपा म्हणून द्यावयाचा आहे, असेंही नाहीं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असें ठरविलें. पुणें महापालिकेनें २००६ च्या सुमारास अंदाजपत्रकांत नागरिकांनीं सुचविलेलीं लहान कामें घेण्याची प्रथा पाडली. पिंपरी-चिंचवडच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली व पुढें कित्येक वर्षें कारभार प्रशासकांच्या हातीं राहिला. अशा काळांत दार ठोठावयाचें कोणाचें, हा नागरिकांचा गोंधळ खरा होता. परंतु नगरसेवक असोत वा नसोत, ज्या गल्लीचे लोक एकत्र येऊन, एकच मागणी, एकाच कागदावर, पुन्हां पुन्हां मांडतात, त्या गल्लीचें काम होतें. आणि ज्या गल्लींत प्रत्येक जण आपल्या दारापुरती तक्रार करतो, तिचें होत नाहीं.

शिवाय हें शहर या बाबतींत कोरें नाहीं. केंद्र सरकारनें २०२० सालीं चालणाऱ्यांसाठीं रस्ते सुधारण्याची जी स्पर्धा लाविली, तिच्यांत निवडल्या गेलेल्या अकरा शहरांत पुण्याबरोबर पिंपरी-चिंचवडही होतें. पिंपळे सौदागरला रस्त्याच्या कडेनें झाडें, बसण्याच्या जागा व मुलांचीं खेळणीं असलेला लांबट बागेचा पट्टा झाला आहे. म्हणजे ज्ञान आहे, अनुभव आहे. परंतु तो नव्या, ऐसपैस उपनगरांत आला. अरुंद, गजबजलेल्या, आणि त्याची जास्त गरज असलेल्या जुन्या पेठेंत त्याची कसोटी लागावयाची आहे.

जाता जाता चाकणकडेही पाहूं, कारण पिंपरीनें जें उशिरां शिकावयाचें तें चाकणला वेळेवर शिकतां येईल. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या फौजेपुढें फिरंगोजी नरसाळ्यानें पन्नासाहून अधिक दिवस लढविलेला संग्रामदुर्ग याच गांवचा. कांद्याच्या व्यापारासाठीं चाकणचें नांव दूरवर प्रसिद्ध आहे. १९९९ सालीं तेथें बजाजचा कारखाना आला. २००९ सालीं फोक्सवॅगनचा. मागोमाग इतर पुष्कळ. चाकणला नगरपरिषद मिळाली ती मात्र २०१५ सालीं. म्हणजे कारखाने आधीं, आणि शहराचा कारभार पाहणारी संस्था मागून. पुणें-नाशिक रस्ता आणि तळेगांव-शिक्रापूर रस्ता गांवाच्या तोंडाशींच एकमेकांना छेदतात. त्यामुळें मालमोटारींची रांग आणि भाजीची पिशवी घेतलेली गृहिणी एकाच चौकांत समोरासमोर येतात. तेथें अजून पेठेसाठीं मोकळी जागा राखतां येईल, जड वाहनांना बाहेरची वाट देतां येईल. वीस वर्षांनीं तीच गोष्ट करावयाची झाली तर घरें पाडावीं लागतील.

तर मग आरंभ कोठें करावा? मोठ्या योजनेची वाट न पाहतां होण्याजोग्या गोष्टी मीं मनाशीं मोजून पाहिल्या त्या अशा. स्थानकापासून पेठेपर्यंत एक सलग, सावलीची पायवाट. दर दोनअडीचशें पावलांवर एक बांक. स्त्रियांसाठीं स्वच्छ, पाण्याची सोय असलेलीं आणि कोणी तरी जबाबदार माणूस सांभाळतो अशीं स्वच्छतागृहें. माल चढविण्या-उतरविण्यासाठीं सकाळची ठराविक वेळ, म्हणजे दिवसभर टेंपो गल्ली अडविणार नाहींत. विक्रेत्यांना आंखून दिलेल्या जागा. महिन्यांतून एक रविवार पेठ वाहनांवांचून, आणि त्या दिवसाचा दुकानदारांनीं स्वतः ठेवलेला हिशेब. यांत खर्चाचें असें फारसें कांहीं नाहीं. लागतें तें सातत्य. आणि नागरिकाच्या हातीं तर याहूनही सोपी गोष्ट आहे : महिन्याच्या खरेदीपैकीं एक तरी खरेदी पेठेंत, पायीं हिंडून करावयाची. ज्या पेठेंत आपण जात नाहीं तिच्या सुधारणेविषयीं आपल्या शब्दाला वजन येत नाहीं.

गेल्या महिन्यांत मी पिंपरीस गेलों असतां त्या जुन्या कापडाच्या दुकानांत डोकावलों. गादीवर आतां मालकांचा नातू बसतो. ताईचें नांव सांगतांच त्यानें आपल्या आजोबांना हांक मारली. म्हातारे आंतून आले, क्षणभर आठवलें, आणि म्हणाले, "आकुर्डीच्या ताई ना? त्यांना म्हणावं, दुकान तिथंच आहे." मीं तो निरोप घरीं पोहोंचविला. ताई हंसली, आणि लगेच म्हणाली, "दुकान तिथंच आहे रे, पण माझ्यापासून तिथपर्यंत रस्ता कुठें आहे?"

श्रोतेहो, तो रस्ता करणें हेंच पेठेचें पुनरुज्जीवन. दोन्ही टोकांना माणसें अजून आहेत आणि एकमेकांची चौकशी करीत आहेत. तीं आहेत तोंवर तो करावयास हवा.